बी पेशी: जंतू येण्याआधीची तयारी

बी पेशी हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. जंतूला किंवा त्याच्या विषाला चिकटून त्याला निकामी करणारी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडीज, शरीरात फक्त या पेशी आणि त्यांच्यापासून निघालेल्या पेशीच तयार करतात. सूक्ष्मदर्शकाखाली बी पेशीत डोळ्यात भरण्यासारखे काही नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशी गोल पेशी, जवळजवळ सगळी जागा व्यापून बसलेले गडद केंद्रक आणि त्याभोवती पेशीद्रवाची बारीकशी कडा, एवढेच दिसते. टी पेशी हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार दिसायला हुबेहूब असाच. त्यामुळे विसाव्या शतकाचा मध्य उलटेपर्यंत या दोन निरनिराळ्या कामांच्या निरनिराळ्या पेशी आहेत, हे कोणाला ठाऊकच नव्हते.

हा फरक उलगडला कोंबड्यांमुळे. पक्ष्यांच्या आतड्याच्या शेवटच्या टोकाशी एक छोटी पिशवी असते. इटलीतल्या पाडुआ विद्यापीठाचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचे वर्णन लिहून ठेवले होते. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1621 मध्ये छापून आले आणि पिशवीला ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ हे नाव पडले. ती कशासाठी असते, याचा पत्ता पुढची तीनशेहून अधिक वर्षे लागला नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा तरुण संशोधक पिलांची बर्सा काढून काय होते ते पाहत होता. होत काहीच नव्हते. पिले नेहमीसारखी वाढत होती. त्याच सुमारास त्याचा सहकारी टिमोथी चँग याला प्रतिपिंडे कशी तयार होतात हे वर्गात दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिकच्या कोंबड्या मागून घेतल्या आणि त्यांना साल्मोनेला जिवाणूंपासून केलेले इंजेक्शन दिले. बर्सा काढलेल्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडेनात. फसलेल्या प्रात्यक्षिकाचे मोल ग्लिकला लगेच कळले, पण इतरांना ते पटायला वेळ लागला. ‘सायन्स’ने लेख परत पाठवला आणि 1956 मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’ या कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला, जे वैद्यकातले लोक सहसा उघडत नसत. पुढे 1965 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी चित्र पूर्ण केले: छातीतल्या थायमस ग्रंथीत घडणाऱ्या पेशी एक, बर्सात घडणाऱ्या दुसऱ्या. पहिल्या टी, दुसऱ्या बी. माणसाला बर्सा नसते. आपल्याकडे हे काम हाडांच्या पोकळीतली अस्थिमज्जा करते आणि जन्माआधी गर्भाचे यकृत.

बी पेशीचे सगळे वैशिष्ट्य तिच्या पृष्ठभागावर असते. तिथे सुमारे एक लाख ग्राही रेणू रोवलेले असतात. ग्राही म्हणजे पेशीच्या बाहेर डोकावणारे प्रतिपिंडच. एका पेशीवरचे सगळे ग्राही एकाच साच्याचे असतात, म्हणून एक बी पेशी एकाच आकाराला पकडू शकते. एखाद्या विषाणूच्या प्रथिनाचा एवढासा उंचवटा किंवा जिवाणूच्या आवरणावरच्या साखरेचा एक तुकडा. तिच्या शेजारणीचे ग्राही दुसऱ्याच आकाराचे असतात, तिसरीचे तिसऱ्याच. आणि यातली खरी विलक्षण गोष्ट अशी, की हा आकार जंतू भेटण्याच्या आधीच ठरलेला असतो.

हे मान्य करायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली. प्रतिपिंडांचा शोध तसा जुना. 1890 मध्ये बर्लिनला एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवले, की धनुर्वाताला तोंड देऊन तगलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात विष मारणारे काहीतरी असते आणि तो द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला की त्यालाही संरक्षण मिळते. घटसर्पाच्या बाबतीतही तेच आढळले. वैद्यकाचे पहिले नोबेल 1901 मध्ये बेरिंग यांना मिळाले ते याच कामाबद्दल. पण जगात जंतू अगणित, नवनवे येणारे. प्रत्येकाला नेमके बसणारे प्रतिपिंड शरीर आणते कुठून? लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञाने 1940 मध्ये उत्तर दिले, की जंतूचा रेणू साचा म्हणून वापरला जातो आणि प्रतिपिंड त्याच्याभोवती घडी घेते. उत्तर सुटसुटीत होते, आणि चुकीचे. 1957 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी ते उलटे केले. त्यांचे म्हणणे असे, की शरीरात आधीपासूनच असंख्य पेशी असतात आणि प्रत्येकीचा साचा वेगळा. जंतू येतो तेव्हा त्याला योगायोगाने बसणारी पेशी निवडली जाते आणि तिचीच वीण वाढते. पुढच्याच वर्षी गुस्ताव नॉसल आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदरांच्या एकेक पेशी द्रवाच्या थेंबात सुट्या करून पाहिल्या. उंदरांना दोन प्रकारचे साल्मोनेला टोचलेले होते, तरी कुठलीही एक पेशी दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडे बनवत नव्हती. एक पेशी, एक प्रतिपिंड.

शालेय पुस्तकांत रोगप्रतिकाराचे वर्णन सैन्याच्या भाषेत करण्याची रीत आहे. बी पेशींपुरती ती दिशाभूल करते. सैनिकाला शत्रू कोण हे सांगितलेले असते. बी पेशीला कोणी काहीच सांगितलेले नसते. बहुतेक बी पेशी आपल्या आकाराचा जंतू कधीही न भेटता काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरून जातात. संरक्षणाची ही रीत भयंकर उधळी आहे, पण उद्या कोणता जंतू येणार हे माहीत नसताना यापेक्षा काटकसरीची रीत सुचवणेही अवघड आहे.

एक कोडे मात्र बर्नेटनंतरही उरले. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सगळी मिळून वीस हजारांच्या आसपास. मग कोट्यवधी प्रकारची प्रतिपिंडे येतात कशी? स्वित्झर्लंडमधील बासेल येथे काम करणारे जपानी शास्त्रज्ञ सुसुमू टोनेगावा यांनी 1976 मध्ये याचे उत्तर शोधले. प्रतिपिंडाचे जनुक सलग नसतेच. ते तुकड्यांत असते आणि प्रत्येक बी पेशी घडताना आपले तुकडे स्वतः निवडून, मधला डीएनए कापून टाकून जोडते. प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. दोन जड साखळ्या, दोन हलक्या. जड साखळीच्या टोकासाठी तीन जातींचे तुकडे लागतात. पहिल्या जातीचे कामाचे तुकडे साधारण 40, दुसरीचे 23, तिसरीचे 6. म्हणजे जुळण्या साडेपाच हजार. हलक्या साखळीच्या जुळण्या तीनशेच्या वर. दोन्हींचा गुणाकार साडेसतरा लाखांपुढे जातो. त्यात भर म्हणून जोडाच्या जागी काही अक्षरे गळतात, काही नवीच घुसडली जातात, आणि संभाव्य प्रकारांची संख्या हजारो कोटींच्या घरात पोहोचते. शरीरातल्या बाकी बहुतेक पेशी आपला डीएनए जिवापाड जपतात. इथे तो मुद्दाम तोडून जोडला जातो. टोनेगावांना 1987 चे नोबेल मिळाले.

यदृच्छेने घडवलेल्या साच्यांत आपल्याच शरीराला चिकटणारे साचेही निघणारच. नव्याने घडलेल्या बी पेशींत निम्म्याहून अधिक पेशी स्वतःच्या शरीरातल्या कशाला ना कशाला चिकटतात. अस्थिमज्जेतच त्यांची चाचणी होते. भोवतालच्या रेणूंना घट्ट पकडणाऱ्या पेशीला आधी हलकी साखळी बदलून पाहण्याची संधी मिळते. तरीही जमले नाही तर ती मरते किंवा निष्क्रिय होते. ही गाळणी पक्की नसते. तिच्यातून निसटलेल्या पेशी पुढे त्रास देऊ शकतात.

चाचणीतून पार पडलेल्या पेशी रक्तातून फिरत फिरत प्लीहेत आणि लसीका ग्रंथींत येतात. या ग्रंथी मान, काख, जांघ, पोट अशा ठिकाणी असतात आणि त्या त्या भागातून निथळणारा द्रव त्यांच्यातून गाळून पुढे जातो. पायाला ठेच लागून जखम चिघळली की दोन-तीन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. गावाकडे तिला अवधाण म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, याचे कारण हेच: पायातले जंतू आणि त्यांचे तुकडे द्रवाबरोबर जांघेतल्या ग्रंथीत पोहोचलेले असतात, रक्तातून जाणाऱ्या पेशी तिथे अडवल्या जात असतात आणि जुळणाऱ्या पेशींची वीण सुरू झालेली असते. गाठ फुगते ती मुख्यतः या गर्दीने.

ग्रंथीत जुळणारा आकार सापडला म्हणून बी पेशी लगेच कामाला लागते असे नाही. प्रथिनांच्या बाबतीत तिला टी पेशीची संमती लागते. बी पेशी पकडलेला तुकडा आत ओढते, त्याचे बारीक तुकडे करते आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडते. त्याच जंतूची ओळख असलेली मदतनीस टी पेशी ते तुकडे तपासते आणि खूण पटली तरच पुढे जाण्याचा संकेत देते. दोन वेगवेगळ्या पेशींनी, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी एकाच वस्तूला परके ठरवल्याशिवाय प्रतिपिंडांचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू होत नाही. स्वतःच्या शरीरावर चालून जाण्याचा धोका यामुळे पुष्कळ घटतो. एचआयव्ही या मदतनीस टी पेशींनाच मारतो, तेव्हा धडधाकट असलेल्या बी पेशींचे कामही विस्कळीत होते ते याच कारणाने.

संकेत मिळालेली पेशी दुभंगू लागते. एकीच्या दोन, दोनच्या चार, असे करत आठवडाभरात हजारो. त्यांतल्या काही लगोलग प्लाझ्मा पेशी बनतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी याच, हे स्वीडनच्या ॲस्ट्रिड फाग्रेउस यांनी 1948 मध्ये आपल्या प्रबंधात दाखवले होते. तेव्हा बी पेशी हे नावही अस्तित्वात नव्हते. प्लाझ्मा पेशीचे रूप पालटलेले असते: आकार मोठा, केंद्रक एका बाजूला सरकलेले आणि उरलेल्या जागेत प्रथिने बनवणारी यंत्रणा ठासून भरलेली. अशी एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर सोडते. पुष्कळशा पेशी या कामात काही दिवसांतच संपून जातात.

प्रतिपिंड स्वतः कोणाला मारत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विषाणूच्या ज्या टोकाने तो पेशीला चिकटतो त्या टोकावरच प्रतिपिंड जाऊन बसले तर विषाणू आत शिरू शकत नाही. घटसर्पाचे किंवा धनुर्वाताचे विषही असेच अडवले जाते. जिवाणूवर प्रतिपिंडांचा थर बसला की भक्षक पेशींना तो पकडायला सोपा जातो; न्यूमोकोकससारख्या गुळगुळीत आवरणाच्या जिवाणूपुढे त्या एरवी हतबल असतात. शिवाय रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची मालिका असते. प्रतिपिंड चिकटलेले दिसले की ती जागी होते आणि काही जिवाणूंच्या आवरणाला थेट भोके पाडते. म्हणजे खुणेचे काम प्रतिपिंडाचे, संहाराचे काम दुसऱ्यांचे.

पेशीच्या आत शिरून बसलेल्या विषाणूपर्यंत मात्र प्रतिपिंडे सहसा पोहोचत नाहीत. तिथे टी पेशींचे काम सुरू होते.

प्रतिपिंडांचे पाच वर्ग आहेत आणि त्यांतल्या दोघांची नावे पावसाळ्यात घरोघरी ऐकू येतात. डेंग्यूच्या तपासणीच्या अहवालात तीन ओळी असतात: एनएस1, आयजीएम आणि आयजीजी. एनएस1 हे विषाणूचेच प्रथिन, म्हणून ते तापाच्या पहिल्या दिवसांत सापडते. आयजीएम हे बी पेशी सर्वांत आधी सोडतात ते प्रतिपिंड. त्यात पाच वाय एकत्र जोडलेले असतात, म्हणजे पकडायला दहा हात. प्रत्येक हाताची पकड सैल असली तरी दहांनी मिळून ते धरून ठेवते. डेंग्यूत ते साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागते. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएमची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होणे बरोबर नाही, ते यामुळे. आयजीजी पहिल्या खेपेच्या आजारात बरेच उशिरा वर येते. ते सुरुवातीलाच भरपूर असेल तर रुग्णाला डेंग्यू पूर्वी कधीतरी होऊन गेला असण्याची शक्यता मोठी. पहिल्या वर्गाकडून दुसऱ्याकडे जाताना बी पेशी पकडीचे टोक तेच ठेवते आणि रेणूचा फक्त बुंधा बदलते.

आयजीजी हे रक्तातले सर्वांत मुबलक प्रतिपिंड. साधारण तीन आठवड्यांत ते निम्म्यावर येते. वार ओलांडून बाळाकडे जाणारे प्रतिपिंड हेच. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस देतात ती तिच्यासाठी जितकी, तितकीच बाळासाठी. नाळ कापताना जंतू शिरले तरी आईचे आयजीजी बाळाच्या रक्तात आधीच हजर असते. या लसीकरणाच्या आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांच्या जोरावर 2015 मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. आईकडून मिळालेला हा साठा सहा महिन्यांत ओसरतो. तिसरा वर्ग आयजीए. तो आतडे, श्वसनमार्ग, अश्रू, लाळ यांत स्रवतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या चिकाच्या दुधात तो ठासून भरलेला असतो. ते दूध पिळून टाकण्याची प्रथा काही घरांत अजून आहे; तिच्याइतका निष्कारण तोटा दुसरा नसेल. आयजीई हा जंतांविरुद्ध उपयोगी पडणारा वर्ग, पण शहरी माणसाला तो ओळखीचा आहे तो शिंका, दमा आणि ॲलर्जीमुळे. पाचवा वर्ग आयजीडी. तो मुख्यतः कोऱ्या बी पेशींच्या पृष्ठभागावरच राहतो.

सगळ्याच निवडलेल्या पेशी ताबडतोब प्लाझ्मा पेशी होत नाहीत. काही ग्रंथीतच थांबतात आणि तिथे जे घडते ते या सबंध विषयातले सर्वांत देखणे प्रकरण आहे. या पेशी एका ठिकाणी जमून दाट पुंजका करतात. त्याला जननकेंद्र म्हणतात. तिथे दुभंगताना त्या आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करतात. डीएनएची नक्कल करताना पेशींकडून एरवी जितक्या चुका होतात त्याच्या जवळपास दहा लाखपट वेगाने या चुका होतात, आणि त्या घडवून आणणारे विकर जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने 1999 मध्ये शोधले. बहुतेक बदलांनी पकड बिघडते, काहींनी काहीच होत नाही, क्वचित एखाद्याने ती सुधारते. मग पेशी केंद्राच्या दुसऱ्या भागात जातात. तिथे जंतूचे तुकडे धरून ठेवलेले असतात आणि मदतनीस टी पेशी मोजक्याच असतात. ज्या पेशीची पकड घट्ट तिला तुकडा जास्त मिळतो, तिलाच टी पेशीची मदत मिळते, बाकीच्या मरतात. जगलेल्या पुन्हा पहिल्या भागात जाऊन दुभंगतात, पुन्हा चुका, पुन्हा निवड. शेतकरी दर हंगामात भरदार कणसे निवडून बियाण्याला ठेवतो आणि काही वर्षांत सगळ्या रानाचे पीक सुधारते, तसेच हे. फरक एवढाच, की इथला हंगाम काही तासांचा असतो.

हे काम आठवडेच्या आठवडे चालते. कोविडची एमआरएनए लस घेतलेल्यांच्या काखेतील ग्रंथींत बारीक सुई घालून अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा दुसऱ्या मात्रेनंतर किमान 12 आठवडे जननकेंद्रे चालू असल्याचे आढळले. बऱ्याच लसींच्या दोन मात्रांमध्ये अंतर ठेवतात त्यामागे हेही एक कारण आहे. पुढची मात्रा येईपर्यंत पेशींची निवड पुरेशी झालेली असली, तर ती चांगल्या पकडीच्या पेशींवर पडते.

जननकेंद्रातून दोन तऱ्हेच्या पेशी बाहेर पडतात. एक, दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. त्या अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि जंतू नसला तरी वर्षानुवर्षे थोडी थोडी प्रतिपिंडे सोडत राहतात. दुसऱ्या स्मृतिपेशी. त्या काहीच सोडत नाहीत, नुसत्या फिरत राहतात. तोच जंतू पुन्हा आला की दोन आठवड्यांचे काम तीन-चार दिवसांत उरकतात.

ही स्मृती किती टिकते याचा पुरावा प्रतिपिंडांचा शोध लागण्याच्याही आधीचा आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर 1846 मध्ये गोवर आला आणि सुमारे 7,800 वस्तीपैकी 6,000 जण आजारी पडले. डॅनिश सरकारने पाठवलेले तरुण डॉक्टर पीटर पॅनम यांनी घरोघरी हिंडून नोंदी केल्या. बेटांवर त्याआधीचा गोवर आला होता 1781 मध्ये. तेव्हा तो होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही या खेपेला गोवर झाला नाही. मधल्या 65 वर्षांत बेटांवर गोवर नव्हताच, म्हणजे स्मृती ताजी व्हायला काही निमित्तही नव्हते. याहून लांबचा दाखला 1918 च्या इन्फ्लूएंझाचा. अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या साथीतून वाचलेल्या 32 वृद्धांचे रक्त तपासून 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्वद वर्षे उलटल्यावरही त्यांच्या रक्तात त्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे होती आणि काहींच्या रक्तातून ती बनवणाऱ्या बी पेशीही वेगळ्या काढता आल्या.

सगळ्याच आजारांत असे होत नाही. इन्फ्लूएंझाचा विषाणू आपला पृष्ठभाग वरचेवर बदलतो, म्हणून जुनी प्रतिपिंडे नव्या रूपाला नीट बसत नाहीत. डेंग्यूत तर जुनी प्रतिपिंडे उलटतात. डेंग्यूच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला अर्धवट चिकटतात, त्याला मारत नाहीत, उलट भक्षक पेशींच्या आत पोहोचायला वाट करून देतात. दुसऱ्या खेपेचा डेंग्यू अधिक धोक्याचा ठरू शकतो तो यामुळे. धनुर्वाताची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे विष इतके जहाल, की माणूस मरायला पुरेशी मात्राही बी पेशींना जागे करायला पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही त्याची लस द्यावीच लागते. लसीने मिळालेली प्रतिपिंडे निम्मी व्हायला साधारण 11 वर्षे लागतात.

आज वापरात असलेल्या बहुतेक लसींचे संरक्षण मुख्यतः प्रतिपिंडांवर उभे आहे, त्यामुळे बी पेशींच्या खोडी माहीत असणे लस बनवणाऱ्यांना भागच पडते. हिमोफिलस इन्फ्लूएंझा बी हा जिवाणू लहान मुलांत मेंदूज्वर आणि न्यूमोनिया घडवतो. त्याच्याभोवती साखरेचे आवरण असते. साखरेचे तुकडे टी पेशींना दाखवता येत नाहीत, म्हणून नुसत्या आवरणाची लस दीड-दोन वर्षांखालच्या मुलांत जवळजवळ वाया जाई. आणि नेमक्या त्याच वयात हा आजार होतो. तोडगा निघाला तो असा, की साखर एखाद्या प्रथिनाला, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला, रासायनिक बंधाने जोडायची. साखर ओळखणारी बी पेशी तिच्याबरोबर प्रथिनही आत ओढते, त्याचे तुकडे मांडते आणि टी पेशी ते प्रथिन ओळखून संमती देते. तिला फसवून घेतलेली ही मदत आहे, पण ती लाखो मुलांना वाचवते. भारतात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीतला एक घटक हाच.

बी पेशी दुसऱ्या कोणाच्या असल्या तरी त्यांची प्रतिपिंडे उसनी घेता येतात. सर्पदंशावरचे प्रतिविष हे त्याचे जुने उदाहरण. 1890 च्या दशकात अल्बेर काल्मेत यांनी ते पहिल्यांदा तयार केले. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने हे काम दीर्घकाळ केले. घोड्याला विषाची अगदी लहान मात्रा देऊन ती हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या बी पेशी आपले सगळे सोपस्कार पार पाडतात आणि काही महिन्यांत त्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार होतात. मग थोडे रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध चालते. त्यात एक अडचण असते. माणसाच्या बी पेशींच्या दृष्टीने घोड्याचे प्रतिपिंड हेही परके प्रथिनच, म्हणून त्या त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात आणि काही रुग्णांना आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, पुरळ, सांधेदुखी होते.

एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी मिळवण्याची युक्ती 1975 मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी काढली. त्यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी एक पेशी कर्करोगाच्या अमर पेशीशी जोडली. संकरित पेशी मरेना आणि प्रतिपिंड बनवणेही सोडेना. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी रेघ अशाच मोनोक्लोनल प्रतिपिंडांमुळे दिसते.

बी पेशी नसतील तर काय होते, हे 1952 मध्ये अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयातले डॉक्टर ऑग्डन ब्रूटन यांच्या ध्यानात आले. आठ वर्षांच्या एका मुलाला न्यूमोकोकसचा रक्तदोष पुन्हा पुन्हा होत होता. रक्तातली प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करण्याचे तंत्र तेव्हा नवे होते. त्यात या मुलाच्या रक्तात प्रतिपिंडांचा पट्टा दिसलाच नाही. दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची दरमहा इंजेक्शने सुरू केल्यावर आजार थांबले. कारणीभूत जनुक 1993 मध्ये सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने हा विकार मुख्यतः मुलग्यांना होतो आणि आईचे आयजीजी ओसरल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनंतर, दिसू लागतो. अशी मुले गोवर-कांजिण्यांतून बहुधा बरी होतात, कारण टी पेशी शाबूत असतात. आवरणवाल्या जिवाणूंपुढे आणि आतड्यातल्या काही विषाणूंपुढे मात्र ती उघडी पडतात. पोलिओचा तोंडावाटे द्यायचा डोस त्यांना देऊ नये तो याच कारणाने.

बी पेशींचे भलतेच चालणेही तितकेच त्रासाचे. अस्थिमज्जेतल्या चाचणीतून निसटलेल्या पेशी स्वतःच्या शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागल्या तर ल्युपस किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखे आजार होतात. जनुके तोडण्या-जोडण्यात आणि मुद्दामच्या चुकांत एखादा घाव भलत्या जागी बसला तर लिम्फोमा होऊ शकतो. या कर्करोगांत बी पेशींपासून उद्भवणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. त्यावर 1997 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रिटुक्सिमॅब हे औषध स्वतःच एक मोनोक्लोनल प्रतिपिंड आहे. ते बी पेशींवरच्या सीडी20 या रेणूला चिकटून त्यांना संपवते. प्लाझ्मा पेशींवर हा रेणू नसतो, म्हणून औषध घेतलेल्या रुग्णाची जुनी प्रतिपिंडे बरीचशी टिकतात, नव्या लसीला प्रतिसाद मात्र मिळत नाही. कोविडच्या काळात अशा रुग्णांत हे ठळकपणे दिसले. ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेली भारतीय बनावटीची पहिली कार-टी उपचारपद्धती नेक्सकार19, जी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या कामातून उभी राहिली, तीही बी पेशींवरच्याच सीडी19 या रेणूवर चालते. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना हा रेणू ओळखायला लावून परत सोडतात. कर्करोगाच्या बी पेशींबरोबर निरोगी बी पेशीही जातात, आणि अस्थिमज्जेतून नव्या पेशी येईपर्यंत काही रुग्णांना ब्रूटन यांच्या त्या मुलाप्रमाणेच दात्यांची प्रतिपिंडे ठरावीक अंतराने द्यावी लागतात.